हिरव्या चिठ्ठीचा चिमटा

मित्रांनो, तो गुरुवार अगदी साधा होता. बाई टेबलाशी बसून इस्पितळात न्यायच्या सामानाची यादी करत होत्या. मी त्याच टेबलावर, काचेच्या झाकणाच्या डबीत, गेली वीस वर्षे पडून असतो तसा पडून होतो. त्यांची मुलगी पिशवी भरत होती. टॉवेल, टिक. चष्म्याचे घर, टिक. जुने रिपोर्ट, टिक. प्रत्येक टिकेनंतर बाई मान वर करून विचारत, "ठेवलं ना? तू पाहिलंस ना?" आणि मुलगी दर वेळी हातातले काम थांबवून सांगे, "ठेवलं, आई. पाहिलं मी."

एकदा ती टेबलापाशी आली, माझ्या डबीवर बोट ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं होतं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "सांग की."

मुलीने डबीवरचे बोट काढून घेतले आणि ती म्हणाली, "चार्जर घेतलास का?"

"हे सांगणं नाही, विचारणं झालं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चार्जरपुढे टिक केली.

ती काय सांगणार होती, हे तिच्याखेरीज जगात फक्त मला ठाऊक होते. आणि माणसांना ऐकू जाईल असे मला बोलता येत नाही.

आता माझी ओळख करून देतो. मी एक जुना चिमटा आहे. चिमटा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कपडे वाळत घालायचा चिमटा येईल. मी त्याचा पणतू शोभेन. करंगळीच्या नखावर मावेन एवढाच मी आहे. एका कारागिराने भिंगाखाली मला घडवले. पोलादाचे दोन जबडे, त्यांवर डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक दात आणि मागे एक स्प्रिंग. माझ्याबरोबर त्याने माझा एक जोडीदारही घडवला. आम्हा दोघांची पकड त्याने मोजून सारखी केली आणि आम्हाला एका पेटीत घालून धाडून दिले. मला दोनच गोष्टी येतात, धरणे आणि सोडणे. त्यांपैकी सोडणे माझ्या हातात नाही. कुणीतरी येऊन जबडे उघडेपर्यंत मी धरूनच राहतो.

आम्ही पोचलो ते एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर. खोलीला खिडकी नव्हती. भिंतीवर एक मोठे घड्याळ, मधोमध पोलादी टेबल, टेबलावर दोन ऊबदार गाद्या आणि त्यांवर झुकलेला दिवा. त्या खोलीच्या मालकीण म्हणजे बाई. संस्थेचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, त्यांनी बाईंचे नाव घड्याळबाई ठेवले होते. बाईंच्या हाताखाली उंदीरसुद्धा ठरल्या मिनिटाला जागे होतात, असे ते पाहुण्यांना सांगत. बाईंना हे नाव आवडत नाही असे त्या म्हणत. पण कुणी दुसऱ्याच कुणाला घड्याळबाई म्हटले असते तर त्यांना अजिबात खपले नसते.

आमचे काम असे होते. उंदराला गाढ झोपवायचे. त्याचे मूत्रपिंड, म्हणजे किडनी, घेवड्याच्या दाण्याएवढे असते. त्याच्याकडे जाणाऱ्या रक्ताच्या नळ्या दोऱ्याइतक्या बारीक. त्यांवर मला बसवायचे. क्षणात तो गुलाबी दाणा जांभळट काळा पडतो. घड्याळ सुरू. तीस मिनिटांनी बाई मला उघडत आणि रक्त परत वाहू लागे. दाणा पुन्हा गुलाबी होताना बाई दर वेळी श्वास रोखून पाहत. शेकडो वेळा पाहूनही त्यांना त्याची सवय झाली नाही.

मित्रांनो, हे क्रूर वाटेल. मलाही वाटे. पण माणसांच्या मोठ्या शस्त्रक्रियांतही कधीकधी रक्त असेच थोडा वेळ अडवावे लागते, आणि मग मूत्रपिंडे कायमची बिघडू शकतात. सरांना आणि बाईंना त्यावर उपाय हवा होता.

तो उपाय काय, हे मला कळले ते बाईंनी आपल्या मुलीला सांगितले म्हणून. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. घरी दुसरे कुणी नव्हते, म्हणून शाळा सुटली की ती संस्थेत येई. उंदरांच्या खोलीत तिला मज्जाव होता. शेजारच्या लहान खोलीत, जिथे आम्ही धुऊन वाळायला पडलेलो असू, तिथे बसून ती अभ्यास करी.

बाईंनी तिला सांगितले की शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक कारखाना आहे. आत मोठ्या पुस्तकात सगळे हुकूम लिहिलेले असतात. त्या पुस्तकातल्या एकेका पाठाला जनुक म्हणतात. हुकूम पाळायचा असला की त्या पाठाची चिठ्ठी निघते आणि कामगारांकडे जाते. रक्त थांबले की घाबरलेल्या पेशीत एक भलतीच चिठ्ठी निघते. तिच्यावर लिहिलेले असते, कारखाना मोडून टाका. रक्त परत आले तरी कामगार मोडतच राहतात.

"मग तुम्ही काय करता?" मुलीने विचारले.

"त्या पाठाला गप्प बसवतो."

"ओरडून?"

"नाही गं बाई. पुस्तकाला हातच लावत नाही. आधीच एक इवलंसं औषध आत पाठवून ठेवायचं. भलती चिठ्ठी निघाली की ते तिला वाटेतच गाठतं आणि फाडतं. निरोप पोचलाच नाही तर मोडणार कोण?"

मुलीला हे फार पटले. पुढे कित्येक दिवस, शाळेतून चिठ्ठी आली की वाटेतच फाडायचे औषध मिळेल का, असे ती आईला विचारी.

मोठ्या प्रयोगाची तयारी झाली. चाळीस उंदीर. वीस पिंजऱ्यांवर हिरवी चिठ्ठी, विसांवर पिवळी. एका रंगाला खरे औषध, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण काहीही न करणारे पाणी. कोणत्या रंगाला काय, हे बाईंनाही ठाऊक नव्हते. ते लिहिलेले बंद पाकीट सरांच्या कपाटात होते. आपल्या मनाचा कल निकालात उतरू नये, म्हणून अशी पद्धत असते.

बाईंनी मात्र एक व्यवस्था स्वतः लावली. एका वेळी दोन उंदीर, दोन गाद्या, दोन चिमटे. घाईत मिसळ होऊ नये म्हणून त्यांनी ठरवून टाकले की डावी गादी हिरव्यांची, उजवी पिवळ्यांची. हिरव्यांना मी, पिवळ्यांना माझा जोडीदार. त्यांनी डाव्या गादीला हिरवी चिकटपट्टीही लावली. किती नीटस दिसत होते ते. सरांनी पाहिले आणि वा म्हणाले.

चूक तिथेच होती, मित्रांनो. नीटनेटक्या माणसांकडूनच होते अशी चूक. पण आम्ही दोघे जोवर सारखे होतो, तोवर ती चूक झोपून होती.

आमची पकड बाई दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तपासत. टाके घालायचा रेशमी दोरा आमच्या जबड्यांत द्यायचा, खाली वजन टांगायचे. ऐंशी ग्रॅमपर्यंत दोरा निसटता कामा नये. मग वहीत आकडा, त्यापुढे टिक. प्रयोग सुरू होण्याच्या आधीच्या शुक्रवारी सकाळीही त्यांनी हे केले. मी ऐंशी ग्रॅम सहज पेलले. त्यांनी आकडा लिहिला, टिक केली, आम्हाला धुतले आणि वाळत ठेवले.

दुपारी मुलगी आली. शाळेसाठी तिने पुठ्ठ्याचे घर केले होते. छपराचे दोन जाड पुठ्ठे चिकटत नव्हते. हात सोडला की उघडत. तिने इकडेतिकडे पाहिले आणि मला उचलले. दोऱ्याएवढ्या नळीसाठी घडवलेले माझे तोंड तिने दोन्ही अंगठ्यांनी फाकवून त्या पुठ्ठ्यांवर बसवले. छप्पर बसले. ती खूश झाली. घर तिने खालच्या फळीवर वाळत ठेवले.

संध्याकाळी बाईंना निघायची घाई होती. पेटी मी बंद करते, असे मुलगी म्हणाली. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला शहाणी म्हटले. पुढे तीन दिवस सुट्टी होती. दिवे मालवले, दार लागले आणि मी त्या अंधारात तोंड वासून राहिलो.

कसे सांगू ते तीन दिवस? मला सोडता येत नव्हते. मिटताही येत नव्हते. पहिल्या दिवशी स्प्रिंग दुखत होती. तिसऱ्या दिवशी दुखायची थांबली, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

मंगळवारी मुलीने मला ओढून काढले, दातांवरचा डिंक फ्रॉकने पुसला आणि पेटीत माझ्या जागी ठेवले. बाईंनी नेहमीप्रमाणे मला धुतले. माझ्याकडे पाहून कुणालाही काही कळले नसते. बुधवारी प्रयोग सुरू झाला.

पहिल्याच हिरव्या उंदराच्या नळीवर मी बसलो आणि मला कळून चुकले. दाण्याचा रंग बदलण्यापुरता मी आवळत होतो, रक्त पुरते थांबवण्यापुरता नाही. माझ्या दातांखालून एक बारीक धार जात राहिली. शेजारच्या गादीवर माझा जोडीदार चोख काम करत होता. बाई घड्याळ पाहत होत्या. वीस वेळा हे झाले. वीस वेळा मी अर्धवट मिटल्या तोंडाने नळीवर अडकून होतो, आणि तीस मिनिटांनी बाई मला हळूच उघडून शाबास म्हणत होत्या. कामाच्या शेवटी हत्यारांना शाबास म्हणायची त्यांची सवय होती.

निकाल लागला तेव्हा सगळे थक्क झाले. पिवळ्यांची मूत्रपिंडे बिघडली होती. हिरव्यांची जवळजवळ धडधाकट. सरांनी पाकीट फोडले. हिरवे म्हणजे औषधाचे. सरांनी स्वतः सगळ्यांसाठी चहा केला. तो अगदी पांचट होता आणि सगळ्यांनी मिटक्या मारत प्यायला. त्यांनी त्याच दिवशी इतर संस्थांना पत्रे धाडली. मला हातात घेऊन म्हणाले, या चिमट्याला सोन्याने मढवायला हवे. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत मोठे कौतुक. त्या वेळी माझी अवस्था काय झाली असेल, याची तुम्ही कल्पना करा.

दोन दिवसांनी पुन्हा पहिला शुक्रवार आला. बाईंनी दोरा लावला, वजन टांगले. पस्तीस ग्रॅमला दोरा निसटला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा निसटला. चार वेळा. मग त्यांनी वही काढली आणि मागच्या महिन्याच्या ओळीवर बोट ठेवले. ऐंशी. टिक. अक्षर त्यांचेच.

पोलाद एका महिन्यात असे ढिले पडत नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे एकच अर्थ उरत होता. आपण त्या दिवशी वजन लावलेच नाही. सवयीने आकडा लिहिला आणि खोटी टिक केली. बाई स्टुलावर बसल्या आणि कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या.

मग त्या मला कागदात गुंडाळून सरांकडे गेल्या. सरांनी सगळे ऐकून घेतले. 

"बाई, हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं."

"मला कळलं होतं ना, सर."

रंग आणि चिमटा एकमेकांना बांधायला नको होते, हे माझ्याही लक्षात आले नाही, असे सर म्हणाले. त्यांनी दोष वाटून घेतला. पण बाई तो वाटून द्यायला तयार नव्हत्या. पत्रे मागे घेतली गेली. चाळीस जीव फुकट गेले होते. प्रयोग पुन्हा झाला, या वेळी नवे चिमटे आणि दर वेळी त्यांची अदलाबदल. औषधाचा गुण दिसला, पण थोडासा. त्यात आणखी दोन वर्षे गेली. पुढे सर दुसरीकडे गेले आणि आमच्या खोलीतले ते औषध तिथेच थांबले.

त्या शुक्रवारी बाईंनी मला पर्समध्ये घालून घरी आणले होते. जेवताना मुलीने विचारले की काय झाले.

"माझ्या हातून चूक झाली," बाई म्हणाल्या. "चिमटा सैल होता आणि मी न तपासताच टिक केली. मला आठवतंय तपासल्याचं. म्हणजे आठवतंय तेही खोटंच."

मुलीने टेबलावर पडलेल्या माझ्याकडे पाहिले. नऊ वर्षांच्या मुलीला सगळे कळते, मित्रांनो. तिचा घास हातातच राहिला. ती काही बोलणार, एवढ्यात बाईंनी तिच्या ताटात वाढले आणि म्हणाल्या, "मोठ्या माणसांच्या कटकटी आहेत या. तू जेव."

ती जेवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला काचेच्या डबीत घातले, वर कागद चिकटवला, "वजन लावल्याशिवाय वापरू नये," आणि डबी टेबलावर ठेवली. स्वतःला आठवण राहावी म्हणून. त्या डबीत मी कोंडला गेलो. पण कोंडलेला मी एकटाच नव्हतो.

बाईंचा आपल्या हातावरचा विश्वास उडाला होता. त्या कुलूप लावत आणि तीन जिने उतरून पुन्हा वर येत. गॅस बंद केला तरी हात लावून पाहत, पुन्हा पाहत. आपल्या पाहण्यावरही भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी मुलीला साक्षीदार केले. तू पाहिलंस ना? लागलं ना? शेजारच्या मावशी हसत. म्हणत, तुमच्या कुलपालाच आता तुमचा कंटाळा आला असेल. बाईही हसत आणि परत वर येत.

मुलगी कधी चिडली नाही. शाळेला उशीर झाला, कॉलेजच्या परीक्षेला उशीर झाला, तरी ती जिन्यात थांबून म्हणे, "लागलं, आई. मी पाहिलं." लोक म्हणत, किती समजूतदार मुलगी. ते कौतुक ऐकून ती खोलीबाहेर जाई. बारा वर्षांची असताना एकदा ती माझ्यासमोर बसून दोन वाक्ये पाठ करत होती. बाई आल्या आणि ती भूगोलाची वही उघडून बसली. नोकरी लागली तेव्हा एकदा. घर वेगळे केले तेव्हा एकदा. सुरुवातीला तिला रागाची भीती होती. पुढे कसली भीती होती ते तिलाही सांगता आले नसते. आता सांगितले तर आई विचारेल, मग इतकी वर्षे तू काय पाहत होतीस?

यंदा बाईंच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आल्याचे निघाले. शस्त्रक्रिया हवी होती. डॉक्टरांनी सांगितले, थोडा वेळ रक्त अडवावे लागेल, मूत्रपिंडांना धोका आहे. मुलीने हे सारे घरी येऊन फोनवर कुणाला तरी सांगितले, म्हणून मला कळले. बाईंनी डॉक्टरांना एवढेच विचारले होते की किती मिनिटे, आणि घड्याळ कुणाकडे असेल. डॉक्टर हसले म्हणे. बाई हसल्या नाहीत.

मग तो साधा गुरुवार आला. शुक्रवारी त्या इस्पितळात गेल्या. रक्त बावन्न मिनिटे अडवावे लागले. रक्तवाहिनी नीट शिवली गेली. मूत्रपिंडे जागी झाली नाहीत. मुलगी घरी अंघोळीपुरती येई. फोनवर विचारणाऱ्यांना सांगे की लघवीची पिशवी अजून कोरडीच आहे, रक्त शुद्ध करायचे यंत्र लावले आहे. सहाव्या दिवशी ती आली, तिने फोनवर कुणाला तरी 'आई गेली' एवढेच सांगितले आणि ती अंघोळीला गेली नाही. टेबलाशी बसून राहिली.

ते औषध पुढे गेले असते तर बाईंपर्यंत पोचले असते, असे कुणी म्हणू शकणार नाही. खुद्द बाईंनीच त्याचा गुण थोडासा मोजला होता. मुलगी शिकलेली आहे, तिला हे कळते. कळण्याने जिथे काही फरक पडत नाही, अशा जागी ती बसली होती.

मित्रांनो, मी आता कुठल्याही कामाचा नाही. तरी तुम्हाला एक विनंती करतो. जी वस्तू ज्यासाठी घडवली आहे तिला त्याच कामाला लावा. आणि कधी तुमच्या हातून तिला भलतेच काम लागले, तर त्याच दिवशी सांगून टाका. वस्तू मोडली तर नवी आणता येते. तुम्ही न सांगितलेले मात्र दुसरे कुणीतरी आपले म्हणून उचलते आणि जन्मभर वागवते.

काल मुलगी घर आवरायला आली होती. बाईंच्या कपाटात सगळ्या वह्या क्रमाने लावलेल्या होत्या. तिने ती जुनी वही बरोबर काढली आणि ते पान उघडले. ऐंशीच्या आकड्याभोवती बाईंनी नंतर कधीतरी लाल शाईने गोल केला होता आणि समासात लिहिले होते, "मी असं कसं केलं?" तेच वाक्य खाली आणखी एकदा, वेगळ्या पेनाने. आणखी एकदा, अलीकडच्या थरथरत्या अक्षरात.

मुलीने ते तिन्ही वाचले. मग तिने माझी डबी उघडली, मला तळहातावर घेतले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले. मग ती म्हणाली,

"आई, तू वजन लावलं होतंस. त्या शुक्रवारी सकाळी तू वजन लावलं होतंस आणि मग टिक केली होतीस. दुपारी मी हा चिमटा पुठ्ठ्याला लावला. मंगळवारपर्यंत तो तसाच होता. तुला आठवत होतं ते खरं होतं, आई. तुझा हात चुकला नव्हता. मी चुकले होते. चुकणारी मी होते."